भिवंडीच्या हवेत घटपर्णी

घटपर्णीच्या १७० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. ती घरी वाढवणारे लोक त्यांची पहिली वाटणी फुलांवरून किंवा घटाच्या आकारावरून करत नाहीत, उंचीवरून करतात. समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरपर्यंत वाढणाऱ्या त्या सखल भागातल्या, आणि त्याहून वर, धुक्यात वाढणाऱ्या त्या डोंगरी. डोंगरी घटपर्णीला रात्री पारा १२ ते १५ अंशांपर्यंत उतरलेला लागतो. तशी जात भिवंडीत आणली, तर बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात तिचा कारभार आटोपतो. सखल भागातली जात मात्र दिवसा २६ ते ३३ आणि रात्री २० ते २५ अंश सेल्सिअसच्या उबेत खुशाल राहते. कामवारी नदीकाठचे हे शहर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही, आणि वर्षातले बरेच महिने त्याचे तापमान याच मापात बसते.

ही ऊब फुकट मिळते याचे मोल इतिहासात डोकावले की कळते. १९व्या शतकात लंडनच्या चेल्सी भागातल्या व्हीच नर्सरीने जगभर माणसे पाठवून घटपर्णी गोळा केल्या. तिथल्या जॉन डॉमिनी या माळ्याने केलेला घटपर्णीचा पहिला संकर १८६२ च्या सुमारास लोकांसमोर आला. मलाया आणि बोर्निओतल्या त्या वेली जगवण्यासाठी काचघरे दिवसरात्र गरम ठेवावी लागत, आणि तो शौक श्रीमंतांनाच परवडे. भिवंडीकराला तो खर्च नाही. इथे दोनच गोष्टींची उणीव आहे: बोर्निओत पाऊस कमीअधिक बाराही महिने पडतो, इथे चारच महिने, आणि तिथल्या मुळांना क्षारविरहित पाणी मिळते, इथल्या नळाला किंवा बोअरला ते मिळेलच असे नाही. नव्याने आणलेल्या रोपाची बहुतेक दुखणी या दोन उणिवांमधून निघतात, आणि उरलेली मालकाच्या अतिप्रेमातून.

घेताना

नर्सरीत सर्रास मिळणारे रोप म्हणजे ‘व्हेंट्राटा’ हा संकर. त्याचे घट कमरेत बारीक, खाली फुगीर, हिरव्यावर तांबूस छटा असलेले असतात. त्याच्या आईबापांत डोंगरी रक्त आहे, त्यामुळे तो काटेकोर अर्थाने सखल भागातला नव्हे. पण तो इतका सोशिक आहे की ऊब आणि गारवा दोन्ही निभावून नेतो. अस्सल सखल जातींत मिराबिलिस, ग्रॅसिलिस, रॅफ्लेसियाना आणि अँप्युलेरिया ही नावे नेहमी ऐकू येतात. अँप्युलेरियाचे बुटके, गोलमटोल घट जमिनीलगत घोसाने येतात, त्यांचे झाकण मागे वळलेले असते आणि ते किड्यांइतकेच वरून गळणाऱ्या पालापाचोळ्यावर पोसले जातात. बायकॅल्कॅराटा या बोर्निओच्या जातीच्या झाकणाखाली दोन सुळे असतात आणि तिच्या पोकळ तणाव्यात एका विशिष्ट जातीच्या मुंग्या घर करतात. ती देखणी खरी, पण हवेतला कोरडेपणा तिला मुळीच सोसत नाही. पहिल्याच रोपासाठी मिराबिलिस किंवा तिचा एखादा संकर घ्यावा.

भारतात निसर्गतः उगवणारी घटपर्णी एकच, मेघालयातली नेपेंथिस खासियाना. गारो टेकड्यांतल्या बाघमारा येथे तिच्यासाठी राखलेले अभयारण्य आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, ती आहे. बाकीच्या बहुतेक सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात येतात. म्हणून रोप रानातून उपटलेले नाही, नर्सरीत फांदीपासून किंवा ऊतिसंवर्धनाने केलेले आहे, एवढे विक्रेत्याकडून विचारून घ्यावे. रानातून आणलेल्या वेलीची मुळे तुटलेली असतात आणि ती सहसा जगतही नाही, हे कायद्याइतकेच सबळ कारण आहे.

पार्सल उघडल्यावर

माणकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे या पट्ट्यातल्या गोदामांतून सगळ्या महामुंबईची पार्सले हलतात. भिवंडीतले रोपही पुष्कळदा अशाच खोक्यातून दारी येते. अंधारात, बंद हवेत काही दिवस काढून आलेल्या घटपर्णीचे घट झाकणाकडून तपकिरी होत वाळू लागतात. बघणाऱ्याला वाटते रोप गेले, आणि इथेच घाईने खत, नवी कुंडी आणि भरपूर ऊन असा तिहेरी उपचार सुरू होतो. त्याची काही गरज नसते. घट हा पानाच्या टोकाचा अवयव आहे आणि एका पानाला तो आयुष्यात एकदाच येतो. वाळलेला घट पुन्हा उभा राहत नाही, त्या पानाला दुसरा फुटतही नाही. पण हिरवे पान आपले अन्न बनवण्याचे काम चालू ठेवते. तेव्हा वाळलेला घट तेवढा कापावा, पान ठेवावे.

रोपाची खरी प्रकृती शेंड्यावर कळते. शेंडा टणक आणि हिरवा असेल, मधून नवे पान उलगडत असेल, तर बाकीचे सगळे घट वाळले तरी चिंता नाही. नर्सरीतल्या दमट शेडमध्ये तयार झालेली पाने इथल्या हवेला सरावत नाहीत. इथे जन्मलेली पाने मात्र इथल्या हवेच्या मापाने तयार होतात. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नव्या पानाचा घट कसा येतो यावरून जागा बरोबर की चूक ते ठरवावे. तोवर कुंडी जागेवरून हलवत राहू नये.

पहिले दोन-तीन आठवडे रोपावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैलसर घालतात. तिला भोके पाडून, रोज थोडी अधिक उघडून, हळूहळू काढून टाकतात. पावसाळ्यात आलेल्या रोपाला याचीही गरज नाही. पिशवीतले रोप थेट उन्हात मात्र कधीच ठेवू नये, आतली हवा तापून पाने अक्षरशः शिजतात.

घटाची रचना

निगा नीट समजायची तर हा अवयव चालतो कसा हे ठाऊक असावे लागते. वेलीच्या पसरट पानाची मधली शीर टोकाबाहेर तणाव्यासारखी वाढते, तिचे टोक खाली झुकून पुन्हा वर वळते आणि फुगत जाते. बंद घटात वेलीने स्वतः पाझरलेला द्रव आधीच भरलेला असतो, बाहेरचे पाणी त्यात आलेले नसते. मग झाकण उघडते आणि काठाचे वळीव ओठ रंगतात. झाकणाच्या आतल्या बाजूला आणि ओठांवर मध स्रवतो. त्याच्या ओढीने येणाऱ्यांत मुंग्या सर्वाधिक असतात.

कीटक घसरतो कशामुळे याचे उत्तर पुष्कळ काळ आतल्या मेणचट भिंतीवर ढकलले जात होते. २००४ साली होल्गर बोन आणि वॉल्टर फेडर्ले यांनी बायकॅल्कॅराटावर प्रयोग करून दाखवले की खरा सापळा ओठ आहे. त्यावरच्या सूक्ष्म खाचांमुळे पाणी गोळा न होता सलग पातळ थरात पसरते आणि मुंगीच्या पायाला पकड मिळत नाही. ओठ कोरडा असला की तीच मुंगी तिथे बिनधोक फिरते, मध खाऊन परतते आणि आणखी मुंग्या घेऊन येते. म्हणजे काठावर ओल धरणारी हवा ही घटपर्णीच्या शिकारीचीच अट आहे, आणि मार्चच्या कोरड्या दुपारी भिवंडीतली वेल उपाशी का राहते याचा उलगडा इथे होतो. केरळातील पालोडच्या जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली: अतिनील प्रकाशात घटांचे ओठ निळे चमकतात. ही चमक कीटकांना बोलावत असावी, असे त्यांचे म्हणणे आहे.

आत पडलेला कीटक आम्ल द्रवात बुडतो, पाचक रसांनी विरघळतो आणि त्यातले नायट्रोजन व फॉस्फरस भिंतीतल्या ग्रंथी शोषून घेतात. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पायाखालची जमीन निकस असते म्हणून. सततच्या पावसाने धुतलेली पांढरी वाळू, दलदलीतला आम्लधर्मी पीट, यांत वेलीला मुळांतून जवळजवळ काही मिळत नाही. महाराष्ट्रातही हाच न्याय दिसतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर आणि कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर पावसाने धुतलेल्या पातळ मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. फरक एवढाच की बहुतेक दवबिंदू आणि आसवं पाऊस सरला की बी टाकून मरून जातात, तर घटपर्णी वर्षानुवर्षे जगणारी वेल आहे आणि तिला विश्रांतीचा कोरडा हंगाम ठाऊकच नाही. भिवंडीतले आठ कोरडे महिने भरून काढणे हे मालकाचे काम.

पाणी

निकस जमिनीची सवय असलेल्या मुळांना क्षार पेलवत नाहीत. कुंडीतले पाणी उडून जाते, त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम मागे राहतात आणि दर पाण्यागणिक साठत जातात. परिणाम लगेच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी पानांची टोके तपकिरी होतात, नवी पाने लहान येऊ लागतात, तणाव्याची टोके न फुगताच काळी पडतात. तोवर ‘इतके दिवस याच पाण्यावर तर छान होती’ असे वाटून पाण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

भिवंडीत पाण्याचे स्रोत अनेक आहेत. शहराला स्टेम प्राधिकरणाचे, मुंबई महापालिकेच्या वाहिनीचे आणि थोडे वऱ्हाळा तलावाचे पाणी मिळते. वाढीव वस्त्यांत टँकर आणि बोअर चालतात. एकाच इमारतीत सकाळी नळाचे आणि संध्याकाळी टँकरचे पाणी टाकीत पडू शकते. म्हणून ‘आमच्याकडचे पाणी चांगले आहे’ या वाक्याला अर्थ नाही. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारा, काही शे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर प्रत्यक्ष बादलीत बुडवून पाहावा. आकडा ५० च्या आत असेल तर निर्धास्त, १०० पर्यंत चालवून घेता येते, त्यावर नको. काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी सहसा जड असते आणि घटपर्णीच्या बाबतीत ते बाद समजावे. पाणी उकळल्याने विरघळलेले सगळे क्षार जात नाहीत, त्यामुळे तो उपाय इथे कामाचा नाही.

आरओ यंत्राचे शुद्ध पाणी चालते, पण अलीकडच्या अनेक यंत्रांत चवीसाठी खनिजे परत मिसळण्याची सोय असते. तेव्हा त्या पाण्यातही मीटर बुडवून पाहावा. यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारे सांडपाणी म्हणजे गाळून काढलेल्या क्षारांचे दाट पाणी. ‘वाया जाते, झाडाला घालू’ या सद्‌हेतूने ते घटपर्णीला घालणे म्हणजे तिला सावकाश मारणे होय. एसीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या वाफेचे असल्याने त्यात क्षार नसल्यातच जमा असतात. मात्र यंत्रातली धूळ आणि बुरशी त्यात उतरते, म्हणून यंत्र साफ असेल तरच आणि गाळूनच ते वापरावे.

सगळ्यांत उत्तम, आणि इथे मुबलक, ते पावसाचे पाणी. १० चौरस मीटर पत्र्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला की २०० लिटर पाणी होते, आणि कोकणपट्टीत जुलैच्या एकाच दिवसात एवढा पाऊस सहज होतो. एका लटकत्या कुंडीला रोज अर्धा लिटर धरले, तरी ऑक्टोबर ते मे या काळात साधारण १२० लिटर पुरतात. म्हणजे झाकणाचा एक मोठा पिंप भरून ठेवला की वर्षाची बेगमी झाली. जूनचे पहिले काही पाऊस छपरावरची धूळ आणि सूत धुवायला सोडून द्यावेत, गंजका पत्रा वापरू नये, आणि पिंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी.

पाणी वरून, कुंडीच्या तळातून वाहून जाईपर्यंत घालावे. व्हीनस फ्लायट्रॅपसारख्या दलदलीतल्या वनस्पतींची कुंडी पाण्याच्या ताटात उभी करतात, ती रीत इथे लावू नये. घटपर्णीच्या मुळांना ओल हवी, पण हवाही हवी. एप्रिल-मेमध्ये रोज, हिवाळ्यात एक-दोन दिवसांआड, एवढे पाणी सहसा पुरते; नेमका निर्णय मात्र बोट घालून कुंडीतली ओल पाहूनच घ्यावा.

माध्यम आणि कुंडी

बागेतली लाल माती, शेणखत, गांडूळखत, नर्सरीवाल्याचे तयार मिश्रण, यांतले काहीही चालत नाही. ज्या खताने गुलाब आणि मोगरा बहरतो त्यानेच घटपर्णीची मुळे जळतात. माध्यम भुसभुशीत, निचऱ्याचे आणि निकस हवे. नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, पर्लाइट, थोडा लाकडी कोळसा आणि मिळाल्यास वाळवलेले स्फॅग्नम शेवाळ, हे मिश्रण इथल्या हवेत चांगले चालते. किनाऱ्यावरच्या काथ्यात मीठ मुरलेले असते, म्हणून तुकडे काही दिवस भिजत घालून पाणी पुनःपुन्हा बदलावे आणि निथळलेल्या पाण्याचा आकडाही मीटरवर पाहावा. नुसता कोकोपीट पावसाळ्यात चिखलासारखा बसतो; तो वापरायचाच झाला तर थोडाच घालावा.

कुंडी प्लास्टिकची किंवा लटकत्या टोपलीची असावी. मातीच्या कुंडीच्या भिंतीत क्षार मुरतात आणि उन्हाळ्यात ती मुळांची ओल ओढून घेते.

आणल्याबरोबर कुंडी बदलू नये. रोप रुळून दोन-तीन नवी पाने आली, की जूनच्या पहिल्या पावसानंतर हे काम करावे. घटपर्णीची मुळे मुळातच काळी, बारीक आणि ठिसूळ असतात. ती पाहून ‘मुळे कुजली’ म्हणत कात्री चालवणारे कमी नाहीत. काळा रंग हा कुजल्याचा पुरावा नव्हे. कुजलेले मूळ बोटात मऊ लागते आणि त्याला वास येतो. जुने माध्यम पूर्ण झटकून मुळे धुण्याचा सोस टाळावा, आतला गोळा तसाच उचलून भोवती नवे मिश्रण भरावे.

उजेड, ओल आणि ऋतू

घट न येण्याचे पहिले कारण म्हणजे अपुरा उजेड. दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी शोभेला टांगलेल्या वेलीला गर्द हिरवी, लांबच लांब पाने येतात आणि घट एकही येत नाही. तिला पूर्वेकडची गॅलरी द्यावी, जिथे सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि उरलेला दिवस लख्ख उजेड असेल. गच्चीवर किंवा पश्चिमेच्या गॅलरीत ठेवायची तर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी. पाने पोपटी आणि किंचित तांबूस असली की उजेड बरोबर. ती पूर्ण लाल किंवा डागाळलेली दिसली तर ऊन जास्त झाले. इमारतींच्या दाटीत उजेड नसेलच, तर पांढऱ्या एलईडीखाली दिवसाचे बारा तास ठेवूनही वेल घट धरते.

पावसाळा हा इथला तिचा सुगीचा काळ. हवा दमट, पारा तिशीच्या आत, पाणी आभाळातून. फक्त कुंडी पागोळ्यांखाली नसावी, कारण मुसळधार पावसाने घट तुडुंब भरून द्रव पातळ होतो आणि जड झालेले घट देठातून मोडतात. ऑक्टोबरच्या उन्हात शेडनेट पुन्हा लागते. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा पंधराच्या आसपास येतो, वाढ मंदावते, घट उशिरा फुगतात. हे आजारपण नव्हे, आणि तेव्हा पाणी वाढवून उपयोग होत नाही.

खरी परीक्षा फेब्रुवारी ते एप्रिल. दुपारी पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, हवेतली ओल घसरते आणि तणाव्यांची कोवळी टोके फुगण्याआधीच वाळतात. फवारा मारल्याने मिळणारा दिलासा अर्ध्या तासाचा असतो. त्यापेक्षा पाच-सहा कुंड्या एकत्र दाटीने ठेवणे, खाली ओल्या विटांचा किंवा खडीचा थर करणे, वाऱ्याच्या बाजूला शेडनेटचा पडदा बांधणे याने जास्त फरक पडतो. ओल साधारण ६० टक्क्यांच्या वर राहिली तर घट टिकतात. एसीच्या झोतात ठेवलेल्या वेलीला बाराही महिने मार्चच वाटतो. मे महिन्यात समुद्राकडची दमट हवा आत येऊ लागते आणि माणसे घामाने बेजार होत असताना घटपर्णी पुन्हा घट धरू लागते.

यंत्रमागाच्या गल्लीत राहणाऱ्यांना आणखी एक काम असते. लूमचे उडालेले सूत आणि सायझिंगची काजळी पानांवर बसते आणि उजेड अडवते. पंधरवड्यातून एकदा मऊ ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसावीत. ओठांना हात लावू नये.

खाऊ, डास आणि कीड

‘घरातले डास खाणारे झाड’ ही जाहिरात खोटी आहे. घटपर्णीच्या घटात मुंग्या, माश्या, क्वचित एखादे झुरळ सापडते; डास मात्र तिच्या हाती फारसा लागत नाही. उलट, कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो. ताटली काढून टाकावी आणि पूर्ण वाळलेले, पावसाने भरलेले जुने घट कापून टाकावेत. ताज्या घटातला द्रव मात्र ओतू नये. वाहतुकीत तो सांडला असेल तर घटाच्या तळाचा चौथा हिस्सा भरेल एवढे शुद्ध पाणी घालावे.

गॅलरीतल्या वेलीला मुंग्या आपोआप मिळतात. बंद खोलीतल्या वेलीच्या एखाद्या घटात महिन्यातून एकदा मेलेली माशी किंवा माशांच्या खाद्याचे दोन-चार दाणे टाकले तरी पुरे. मटणाचा तुकडा, पनीर, दूध हे पदार्थ पचण्याआधी कुजतात आणि घट काळा पडतो. मुलांना बोट घालून पाहण्याची हौस असते. बोटाला काही होत नाही, घटाला होते.

कीड फार नाही. शेजारच्या जास्वंदीवरून पिठ्या ढेकूण येतात आणि पानांच्या बगलेत कापसासारखे बसतात. थोडे असताना सर्जिकल स्पिरिटात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपून काढावेत. कोरड्या महिन्यांत लाल कोळी आणि फुलकिडे शेंड्याची पाने वाकडी करतात. औषध मारायचेच झाले तर आधी एका पानावर सौम्य प्रमाणात मारून आठवडाभर वाट पाहावी. तांब्याची बुरशीनाशके वापरूच नयेत.

वेल लांबल्यावर

दोन-तीन वर्षांत झुडुपासारखे दिसणारे रोप खरी वेल होते. खोड लांबते, पानांतले अंतर वाढते, आणि खालच्या बुटक्या, झालरीच्या घटांऐवजी वर निमुळते, झालर नसलेले घट येतात. त्यांचा तणावा आधाराला वेटोळे घालतो. खालचे घट पुन्हा हवे असतील तर पावसाळ्याच्या सुरुवातीला वेल कापावी. बुडातून नवे फुटवे येतात.

कापलेला शेंडा फेकू नये. दोन-तीन पेरांचे तुकडे करून, पाने अर्धी छाटून, ओल्या स्फॅग्नममध्ये खोचावेत आणि पारदर्शक डब्यात, सावलीच्या उजेडात ठेवावेत. जून-जुलैत लावलेल्या तुकड्यांना मुळे फुटायला एक ते तीन महिने लागतात. मधल्या काळात ते ओढून पाहण्याचा मोह आवरावा. बगलेतून नवा कोंब निघून त्याची पाने मोठी होऊ लागली की मुळे धरली असे समजून कुंडीत लावावे. पहिले घट करंगळीएवढेच येतात.

घटपर्णीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात आणि फांदीपासून केलेले रोप मूळ वेलीच्याच लिंगाचे निघते. बी धरायचे तर दुसरीकडून आणलेली विरुद्ध लिंगाची वेल त्याच आठवड्यात फुललेली लागते. बी फार काळ टिकत नाही, ताजेच पेरावे लागते, आणि त्यातून फुलण्याजोगी वेल व्हायला काही वर्षे जातात. त्यामुळे घरगुती बागेत बहुतेकांचे काम फांदीवरच भागते, आणि फुलाचा तुरा दिसला की तो खुडून वेलीचा जोर पानांकडे वळवला जातो.